चूक माणसाची की यंत्राची?
(खाजगीपणाच्या संशोधनातील एका जीवनक्रमाचा अभ्यास)

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासलेख द्यावा, असे संपादक मंडळींनी सुचविले. आम्ही कोणी संगणकशास्त्रज्ञ नव्हे. सीमाभागातील एका मराठी शाळेत वीस वर्षे गणित व विज्ञान शिकविणारे साधे शिक्षक आहोत. तरीही आम्ही जो विषय निवडला आहे तो संगणकाशी संबंधित आहे. तो का निवडला, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण त्यात आमच्या हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती कबूल केल्यावाचून पुढचा पाठ शिकविण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही.

१. एका यादीची हकीकत

तीन वर्षांपूर्वी फीसाहाय्य मिळालेल्या मुलामुलींची यादी आम्ही तयार केली. नाव, इयत्ता, पालकांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि भ्रमणध्वनी क्रमांक असे पाच रकाने होते. कागदपत्रे वेळेवर यावीत म्हणून ती संपूर्ण यादी आम्ही पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून दिली. आमच्या दृष्टीने काम एका मिनिटात झाले.

संध्याकाळपर्यंत ती यादी गल्लोगल्ली फिरली. नववीतील एक मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. तिच्या आईला भेटण्यास गेलो. बाई विड्या वळून संसार चालविणारी. सूप मांडीवर तसेच ठेवून ती एवढेच म्हणाली, "सर, मदत मिळाली, लई उपकार हाईत, पर गल्लीला कशाला सांगितलासा?" आम्हांपाशी उत्तर नव्हते.

पुढे पंधरा दिवसांत दुसऱ्या एका आईस फोन आला. बोलणाऱ्याने मुलीचे नाव व इयत्ता अचूक सांगितली, शिष्यवृत्ती जमा करावयाची आहे असे सांगून फोनवर आलेला सहा अंकी क्रमांक विचारला आणि तिच्या खात्यातून दोन महिन्यांची कमाई काढून घेतली. तो क्रमांक आमच्याच यादीतून गेला, हे सिद्ध झाले नाही. पण नाव आणि इयत्ता ज्या कागदावर शेजारी शेजारी होती, तो कागद आम्हीच लिहिला होता.

आणि तरीही, वाचकहो, त्या वेळी आमच्या तोंडून पहिला प्रश्न जो निघाला तो असा: "बाई, तुम्ही तो क्रमांक सांगितलात कशाला?" म्हणजे चूक तिची! याच प्रश्नाने पुढे आमची झोप उडविली, आणि त्याचे उत्तर शोधताना एका विद्याशाखेची ओळख झाली. तिला मानवी घटकांचे शास्त्र म्हणतात.

२. विमानाच्या दोन दांड्या

या शास्त्राचे मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडते. अमेरिकेची बी-१७ जातीची बाँबफेकी विमाने सुखरूप उतरत आणि धावपट्टीवर असतानाच वैमानिक चुकून त्यांची चाके आत ओढून घेत. विमान पोटावर बसे. अहवालात नोंद होई, 'वैमानिकाची चूक'. १९४३ च्या सुमारास आल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने विमानात बसून पाहिले. चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारी शेजारी, आणि हाताला दोन्ही सारख्याच. थकलेला हात चुकणारच! त्याने सुचविलेला उपाय अगदी साधा होता. चाकांच्या कळीला रबराचे लहानसे चाक बसवावे आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखा आकार द्यावा, म्हणजे न पाहताही बोटांना फरक कळेल.

१९४७ मध्ये पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक चुकांचे मूळ वैमानिकाच्या बेपर्वाईत नसून यंत्राच्या मांडणीत आहे, असा त्याचा रोख होता.

आम्हां शिक्षकांस हा सिद्धांत नवा वाटू नये. वर्गातील एका मुलाचे गणित चुकले तर मुलाकडे पाहावे; पण चाळिसांपैकी तीस मुलांचे तेच गणित त्याच पायरीवर चुकले, तर आपल्या शिकविण्याकडे पाहावे, हे बी.एड.च्या वर्गात आपण शिकलेलो आहोत. फिट्स आणि चॅपॅनिस यांनी हेच यंत्राला लागू केले.

संगणकाच्या क्षेत्रात हा विचार उशिरा आला. १९९९ मध्ये आल्मा व्हिटन व डग टायगर या संशोधकांनी बारा सुशिक्षित माणसांना गुप्त पत्र पाठविण्याची एक प्रसिद्ध संगणकप्रणाली वापरावयास दिली. वेळ दीड तास. बारांपैकी केवळ चौघांना पत्र नीट कुलूपबंद करून पाठविता आले. तिघांनी तर जे लपवावयाचे तेच उघडे पाठवून दिले. कुलूप भक्कम होते; पण ते लावावयाचे कसे, हेच समजत नव्हते. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील अ‍ॅन अ‍ॅडम्स व अँजेला सॅस यांनी असा लेख लिहिला, की संगणक वापरणारा मनुष्य हा सुरक्षिततेचा शत्रू नव्हे. नियम करणाऱ्यांनी त्याच्या कामाची रीतच समजून घेतलेली नाही.

३. एका विदुषीची वाटचाल

या क्षेत्रात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांपैकी लॉरी फेथ क्रेनर यांची वाटचाल आम्ही उदाहरणादाखल घेतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी अभियांत्रिकी आणि सार्वजनिक धोरण या दोन्ही शाखांचा जोड अभ्यास केला. १९९६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय मतदानाच्या पद्धतीचा होता. यंत्र आणि समाज या दोहोंवर एकाच वेळी नजर ठेवण्याची सवय त्यांना तेथपासूनच लागली असावी.

त्यानंतर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीच्या संशोधनशाळेत त्या रुजू झाल्या. तेथील त्यांच्या एका मोठ्या कामास पी-थ्री-पी असे नाव होते. कल्पना अशी: प्रत्येक संकेतस्थळाने आपण लोकांची कोणती माहिती घेतो व तिचे काय करतो, हे संगणकाला वाचता येईल अशा ठरीव भाषेत लिहून ठेवावे. वाचकाने आपली इच्छा एकदाच संगणकास सांगावी. मग दोहोंचा मेळ बसतो की नाही, हे यंत्रानेच पाहावे. या नियमावलीच्या समितीचे अध्यक्षपद क्रेनरबाईंकडे होते. एप्रिल २००२ मध्ये जागतिक महाजालाची मानके ठरविणाऱ्या संस्थेने तिला मान्यता दिली. बाईंनी त्यावर पुस्तकही लिहिले.

आणि ही योजना फसली. नियम पाळण्याची सक्ती कोणावर नव्हती. बहुतेक संकेतस्थळांनी तिच्याकडे पाठ फिरविली. काहींनी केवळ यंत्राची समजूत काढण्यापुरती निरर्थक अक्षरे भरली. आमच्या मते या जीवनक्रमातील सर्वांत शिकण्यासारखा भाग येथे आहे. ज्या योजनेला आपल्या उमेदीची वर्षे दिली, तिची तपासणी बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच केली. २०१० मध्ये त्यांनी ३३,००० हून अधिक संकेतस्थळे तपासली आणि सुमारे एक तृतीयांश ठिकाणी ही संक्षिप्त माहिती चुकीची भरलेली आहे, असे जाहीर केले. २०१८ मध्ये ती नियमावली अधिकृतपणे मोडीत काढण्यात आली. आपल्याच उत्तरपत्रिकेवर तांबडी रेघ मारण्यास धैर्य लागते. ते ज्याच्यापाशी नाही, त्याने संशोधनात पडू नये. कदाचित शिक्षकी पेशातही पडू नये.

४. प्रयोगशाळेतील धडे

२००३ च्या अखेरीस क्रेनरबाई पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आल्या. खाजगीपणा आणि सुरक्षितता ही सामान्य माणसाला 'वापरता येण्याजोगी' झाली पाहिजेत, एवढा एकच ध्यास घेतलेली प्रयोगशाळा त्यांनी तेथे उभारली. २००५ पासून याच विषयाची वार्षिक परिषद सुरू झाली. २०१३ मध्ये याच विद्यापीठात खाजगीपणाच्या अभियांत्रिकीचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. या प्रयोगशाळेतील तीन धडे येथे देतो.

पहिला धडा परवलीच्या शब्दाचा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह घाला, असा दंडक जगभर होता. माणूस अशा वेळी काय करतो? जुन्या शब्दाच्या शेवटचा १ पुसून २ करतो. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये ७,७०० हून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड तपासले, तेव्हा जुना शब्द हाती असल्यास ४१ टक्के नवे शब्द संगणक सरासरी तीन सेकंदांत ओळखतो, असे आढळले. कार्नेगी मेलनच्या गटाने २०११ मध्ये सुमारे ५,००० लोकांवर प्रयोग करून दाखविले, की चिन्हांनी भरलेल्या आखूड शब्दापेक्षा सोळा अक्षरांचा लांब शब्द ओळखण्यास कठीण आणि माणसाला सोयीचा असतो. २०१६ मध्ये क्रेनरबाई अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या मुख्य तंत्रज्ञ झाल्या आणि वारंवार बदलाच्या सक्तीचा फेरविचार व्हावा, असे त्यांनी तेथून लिहिले. जून २०१७ मध्ये त्या देशाच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलावयास लावू नये, असे मार्गदर्शन केले. २००३ चे जुने मार्गदर्शन लिहिणारे बिल बर यांनीही आपल्या लिखाणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

याच संदर्भात एक रसाळ गोष्ट. २००९ च्या डिसेंबरात एका कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीस गेले आणि जगापुढे उघडे पडले. त्यांत सर्वांत अधिक वेळा आलेला शब्द '१२३४५६' हा होता. क्रेनरबाईंना शिवणकामाचा छंद. लोकांनी वारंवार वापरलेले हजारभर शब्द कापडावर छापून त्यांनी त्याची चक्क एक गोधडी शिवली. आमच्याकडे हिला वाकळ म्हणतात. वाकळेत जसे घरातल्या प्रत्येकाचे जुने लुगडे, धोतर, झबले ओळखू येते, तसे त्या गोधडीत माणसांचे मन ओळखू येते: प्रियजनांची नावे, लाडकी जनावरे, प्रेमाचे शब्द. माणूस आठवणीत राहील असेच निवडतो. हा त्याचा गुन्हा नव्हे, स्वभाव होय.

दुसरा धडा गळाचा. खोटे पत्र वा खोटा निरोप पाठवून माणसाला फसविण्यास फिशिंग म्हणतात. केवळ सूचनाफलक लावून लोक शहाणे होत नाहीत. म्हणून या गटाने २००७ मध्ये एका लहान माशाचा खेळ तयार केला. कोणता किडा खरा आणि कोणता गळाला लावलेला, हे त्यात ओळखावयाचे. पुढे पोन्नुरंगम कुमारगुरू या भारतीय विद्यार्थ्याने बाईंच्या गटात संशोधन केले. विद्यापीठातील ५१५ लोकांना गळासारखी पत्रे पाठविण्यात आली आणि जो फसे, त्याला त्याच क्षणी चित्रकथेच्या रूपाने लहानसा पाठ मिळे. अठ्ठावीस दिवसांनंतरही तो पाठ टिकला, आणि दोनदा पाठ मिळालेल्यांत तो अधिक पक्का झाला, असे २००९ मध्ये दिसून आले. चूक घडताच, न रागावता दिलेला पाठ लक्षात राहतो, हे आपण वर्गात रोज पाहतो. कुमारगुरू पुढे भारतात परतून दिल्ली व हैदराबाद येथे प्राध्यापक झाले. त्यांनी व क्रेनरबाईंनी २००५ मध्येच भारतातील खाजगीपणाच्या जाणिवेचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अमेरिकेच्या मानाने ती जाणीव आपल्याकडे कमी, असा त्याचा निष्कर्ष होता.

तिसरा धडा संमतीचा. फोनमध्ये एखादी सोय घेताना लांबलचक मजकूर येतो आणि खाली 'मान्य आहे' असे बटण असते. कोण वाचतो? अ‍ॅलीसिया मॅकडोनाल्ड व क्रेनर यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला. अमेरिकेतील सामान्य माणसाने भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे खाजगीपणाचे धोरण वाचावयाचे ठरविले, तर वर्षाकाठी दोनशेहून अधिक तास लागतील. म्हणजे आठ तासांचा दिवस धरला, तर पंचवीस दिवस केवळ वाचनातच जावेत! जे वाचणे शक्यच नाही, त्यावर घेतलेल्या सहीला संमती कसे म्हणावे? उपाय म्हणून २००९ मध्ये या गटाने खाद्यपदार्थांच्या पुड्यावर असते तशी सुटसुटीत पाटी सुचविली. डिसेंबर २०२० पासून अ‍ॅपल कंपनीनेही अशा धर्तीच्या पाट्या आणल्या. आणि त्याही लोकांना नीट उमगत नाहीत, हे २०२२ मध्ये दाखवून देणाऱ्यांत पुन्हा याच बाई होत्या.

५. खाजगीपणा ही चैन नव्हे

कोणी म्हणेल, ही सारी श्रीमंत देशांची चोचले. गरिबाला कसले आले खाजगीपण? आम्ही नम्रपणे असे म्हणू, की त्याची खरी गरज गरिबालाच आहे. ज्याच्या घराला चार दारे आहेत त्याचे एक उघडे राहिले तरी चालते; ज्याला एकच पडदा आहे, त्याचा तो ओढू नये.

आमच्या घरी लहानपणी शिकविले जाई, की कोणाच्याही दारात उभे राहून सलाम करावा, आत येऊ का म्हणून विचारावे. तीनदा विचारून उत्तर आले नाही, तर मन खट्टू न करता परत फिरावे. शेजारच्या वाड्यातही कडी वाजविल्याखेरीज कोणी माजघरात जात नसे. आणि दान उजव्या हाताने द्यावे ते डाव्या हातास कळू नये, हे तर दोन्ही घरांत सारखेच ऐकले. म्हणजे हा विचार आपल्यास परका नाही. फोन हाती आल्यावर आपण तो उंबऱ्याबाहेर ठेवला, इतकेच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत केला. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसास मिळावा, असे त्यात म्हटले आहे. मराठी ही त्या अनुसूचीतील एक भाषा होय. सीमाभागात, बडोद्यात, इंदुरात वा हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या भाषेत कागद मिळणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. मात्र कागद मराठीत असून भागत नाही. तो त्या विडी वळणाऱ्या आईला समजेल अशा मराठीत असला पाहिजे. क्रेनरबाईंच्या सगळ्या खटाटोपाचे सार, आम्हांस समजले ते, हेच.

६. आम्ही काय बदलले

आता आमच्या यादीकडे परत येऊ. त्या आईला आम्ही विचारलेला प्रश्न चुकीचा होता. बँकेतून येणारा क्रमांक आणि चोराने मागितलेला क्रमांक तिच्या दृष्टीने त्या विमानाच्या दोन कळींसारखेच होते. शेजारी शेजारी आणि हाताला सारखे. त्यात आम्ही चोराच्या तोंडी तिच्या मुलीचे नाव देऊन ठेवले होते.

आम्ही तिच्या घरी जाऊन माफी मागितली. पैसे परत आले नाहीत. न्यासाच्या मंडळींनी गाजावाजा न करता ती तूट भरून काढली. आठ दिवस घरी बसलेली मुलगी दहावी उत्तीर्ण झाली, पण तिने पुढे कोणत्याही साहाय्याचा अर्ज केला नाही. ही आमच्या चुकीची किंमत. ती आम्ही नव्हे, तिने भरली.

आता आमच्या फीसाहाय्याच्या अर्जात उत्पन्नाचा दाखला पाहून परत दिला जातो, त्याची प्रत ठेवली जात नाही. ज्या रकान्याचे काम काय हे सांगता येत नाही, तो रकाना काढून टाकला. फलकावर नावाऐवजी अर्जाचा क्रमांक लागतो. कागद हवे असल्यास ज्याच्या त्याच्या घरी निरोप जातो. वर्षातून दोनदा आम्ही पालकसभेत खोट्या फोनचे लहानसे नाटुकले करतो. कोणी फसले तर हसावयाचे नाही, असा त्या सभेचा पहिला नियम आहे.

न्यासाच्या विश्वस्तांस या शुभप्रसंगी आमची एकच विनंती आहे. इतक्या वर्षांची लाभार्थींची नोंदवही ही आपल्या सेवेची साक्ष आहे, तशीच ती शेकडो घरांची ठेवही आहे. तिजोरीतील रुपयांचा हिशेब आपण जितक्या काटेकोरपणे ठेवता, तितक्याच काटेकोरपणे त्या नावांचाही ठेवावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या संस्थेच्या अर्जातील प्रत्येक रकाना कशासाठी आहे, हे एका वाक्यात सांगता येते काय? येत नसेल तर तो ठेवावा काय?

२. आपल्या मोबाइल गटावर गेल्या महिन्यात आलेल्या याद्यांपैकी किती याद्यांतील माणसांना आधी विचारले होते?

३. घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून फोनवर चूक झाली, तर आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? तो बदलून पाहावा.

या तीन प्रश्नांची उत्तरे वाचकांनी आपापल्या घरी लिहावीत. तपासण्यासाठी ती आम्हांकडे पाठवू नयेत. ती ज्याची त्याने आपल्यापाशीच ठेवावीत, हेच या पाठाचे सार आहे.